लिंबूटिंबू

मंगळवारी सहाला आम्ही तिघं असतो
लेप्पालाम्पीच्या तळ्याकाठी.
औलिस, ज्याने चाळीस वर्षं लाकूडतोडीचं यंत्र चालवलं
आणि आता उरलेल्या झाडांमधून
माफी मागितल्यासारखी डिस्क फेकतो.
तेल्लेर्वो, ग्रंथालयातली, शिव्यासुद्धा हळू आवाजात देते.
आणि मी, टपालवाली.
माझा फोरहँड लग्नानंतर बिघडला
आणि घटस्फोटानंतरही सुधारला नाही.

त्या मंगळवारी पहिल्या टीवर चौथी कुणीतरी उभी होती.
पायात दुसऱ्याच्या मापाचे रबरी बूट,
हातात तीनच डिस्क.
"एक भिडू चालेल का?"
आधी आवाज ओळखीचा वाटला, मग हनुवटी.
सैमी राउदास्कोस्की.
आमच्या दुकानात दह्याच्या डब्यावर हसते ती,
जिची फेक औलिस रोज रात्री फोनवर
हळू करून बघतो, पुढेमागे, पुढेमागे.
तेल्लेर्वोने टोपी काढली,
का काढली ते न कळून परत घातली.

आत्याचं घर रिकामं करायला आलेय, ती म्हणाली.
कपबश्या गुंडाळून बोटं काळी झाली होती
वर्तमानपत्राच्या शाईने.
मग जरा थांबून म्हणाली,
"आज मला लिंबूटिंबू घ्या.
माझं काही मोजू नका."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.
लिंबूटिंबू तर आम्हीच होतो,
तिघंही, गेली वीस वर्षं,
कुणी मोठ्यांनी खेळायला घ्यावं म्हणून नव्हे,
मोठी माणसं इकडे येतच नाहीत म्हणून.

तिच्या हातून डिस्क सुटते तेव्हा काहीच ऐकू येत नाही.
नंतर, बऱ्याच नंतर,
पाइनच्या पलीकडे साखळ्या वाजतात.
औलिस प्रत्येक वेळी खिशात बोटं मुडपत होता.
मला दिसत होतं.

सातव्या टीसमोर मधोमध तो भूर्ज.
"हा कसा चुकवता?" तिने मला विचारलं.
मला!
"चुकवत नाही," मी म्हणाले, "लागतो."
तिने पिशवीत हात घालावा तसा कोटात हात घातला
आणि एक जुनी डिस्क काढली, कडेला कुत्र्याने चावलेली,
माळ्यावर सापडलेली.
मागे शाईच्या गोल अक्षरात लिहिलेलं:
हरवली तर फोन करा.
खाली नंबर.

टक्क.

ती हसायला लागली, वाकून,
मग ब्लूबेरीच्या झुडपांत बसूनच राहिली.
हसणं थांबलं तरी उठली नाही.
डास आले. औलिसने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली,
तिच्या हाताशी ठेवली, आणि तळ्याकडे तोंड करून उभा राहिला
जणू तिकडे काही बघण्यासारखं आहे.

ते अक्षर माझ्या ओळखीचं होतं.
हिल्प्पाबाई, पेटी क्रमांक चौदा.
स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी फाटकात उभ्या असायच्या,
पेपर माझ्या हातातून घ्यायच्या,
आणि मागच्या पानापासून वाचत आत जायच्या.
सांगावंसं वाटलं.
पण माझी फेकायची पाळी होती.

नऊ वाजले, दहा वाजले,
जूनच्या उन्हाला जायची घाई नव्हती.
ती गेली. बूट चिखलात वाजत गेले.
गाडीपाशी औलिस म्हणाला,
"आपल्यापेक्षा एकवीसने कमी."
"लिंबूटिंबूचं मोजत नाहीत, गाढवा,"
तेल्लेर्वो म्हणाली, ग्रंथालयातल्या आवाजात.

बुधवारी टपाल टाकून मी वाट वाकडी केली.
भूर्जाची साल सोलायची, त्यावर लिहायचे म्हणे लोक कधीकाळी.
आम्ही तर न सोलताच लिहीत आलो,
आडवं, तिरकं, एकावर एक,
बहुतेक माझंच.
सोमवारच्या पावसाने सगळे वण सारखेच ओले होते.
कालचा कुठला ते शोधत
मी बराच वेळ बोट फिरवलं.
मग पेटी चौदामध्ये, सवयीने,
दुकानाची जाहिरात टाकली.
दही या आठवड्यात स्वस्त आहे.